टांकसाळीची चूक, नागरिकाचा ओरखडा

घरातल्या एकाला नाण्यांचा नाद असला, की त्या घराच्या बैठकीला हळूहळू न्यायालयाची कळा येऊ लागते. पूर्वी लोक माझ्याकडे नाणे घेऊन येत, ते 'हे कोणत्या काळातले?' असे विचारायला. आता 'यात काही एरर आहे का?', म्हणजे टांकसाळीत पाडतानाच काही चूक झाली आहे का, हे विचारायला येतात आणि उत्तर नकारार्थी मिळाले की माझ्या ज्ञानाविषयी शंका व्यक्त करून, चहा मात्र पूर्ण पिऊन जातात. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांनी खरवडलेल्या प्रत्येक दोन रुपयांची किंमत लाखांत नेऊन ठेवली आहे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून लोकांना गंडवले जात आहे, असा इशारा रिझर्व्ह बँकेला 2021 साली द्यावा लागला. पण आशेला इशारे ऐकू येत नाहीत.

साध्या नाण्याचा निकाल झटपट लागतो. जीव काढते ते प्रूफ नाणे. ते खर्चण्यासाठी नव्हे, तर बघण्यासाठी पाडलेले असते. त्याची कोरी चकती आणि डाय, म्हणजे तिच्यावर छाप मारणारा ठसा, ही दोन्ही आरशासारखी चकाकेपर्यंत घासतात, छाप सावकाश आणि अधिक दाबाने, बहुधा एकापेक्षा जास्त वेळा मारतात आणि तयार नाणे डब्यात बंद करून देतात. इतक्या लाडाकोडात वाढलेल्या वस्तूवर खोट दिसली, की ती ताबडतोब दुर्मीळ वाटू लागते. शेजारच्या काकांचे नेमके हेच झाले.

काकांच्या वडिलांनी गांधी जन्मशताब्दीचा, म्हणजे 1969 चा, प्रूफ संच जपून ठेवला होता. त्यातले दहा रुपयांचे नाणे पंधरा ग्रॅम वजनाचे आणि ऐंशी टक्के चांदीचे. त्यावर 1869 ते 1948 ही गांधीजींच्या जन्ममृत्यूची साले आहेत, 1969 मात्र कुठेच नाही. त्यामुळे काकांना पहिला एरर तिथेच सापडला. तो मी फेटाळला. दुसरा एरर म्हणजे 'बी' हे बारीक अक्षर. सरकारने आपल्या वडिलांच्या गळ्यात बी ग्रेडचा माल मारला, अशी त्यांची समजूत झाली होती. त्या काळी मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या प्रूफ नाण्यांवर बॉम्बेचा 'बी' असे, पुढे गावाचे नाव बदलल्यावर 'एम' आला, हे सांगितल्यावर ते सुखावले. पण बढती मिळाली नाही म्हणून थोडे हिरमुसलेही.

तिसरा पुरावा खरा होता. गांधीजींच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या, चकचकीत जागेत केसाएवढी एक रेघ होती.

प्रूफ नाण्यावरची रेघ तपासणे हा मानहानीचा प्रकार आहे. नाणे कडेने धरायचे, खोलीतले बाकीचे दिवे घालवून टेबलावरचा एकच दिवा ठेवायचा, डोळ्याला भिंग लावायचे आणि नाणे हळूहळू कलते करत राहायचे. पृष्ठभाग आरशाचा असल्यामुळे दोष शोधणाऱ्याला सर्वप्रथम स्वतःचे नाक दिसते, आणि तेही दहापट. त्यानंतर दिसलेली एक वळणदार रेघ मी बराच वेळ अभ्यासली. ती माझ्या मिशीच्या केसाचे प्रतिबिंब निघाली. काकांनी ती दरम्यान वहीत टिपून घेतली होती.

खरी रेघ सापडल्यावर प्रश्न एकच उरतो: तिचा बाप कोण? रेघ नाण्यावर उठून आलेली असेल, तर ओरखडा डायवर होता, म्हणजे चूक टांकसाळीची. ती खोल गेलेली असेल आणि तिच्या दोन्ही कडांना सरकलेल्या धातूचे बारीक वरंबे असतील, तर ओरखडा नाण्यावरच पडला, म्हणजे चूक कुणातरी नागरिकाची. कधीकधी डाय पुसताना कापडाचा धागा मागे राहतो आणि छापेखाली सापडतो. त्याची खूणही खोल असते, पण वळणे मऊ आणि कडा स्वच्छ. आणि मऊ फडक्याने 'नुसते पुसलेले' नाणे असेल, तर एका विशिष्ट कोनातच चमकणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. तो फडका बहुतेक घरांत अत्यंत प्रेमाने वापरला जातो.

काकांची रेघ उठावाची निघाली. "म्हणजे चूक सरकारची!" काका खुर्चीतून जवळजवळ उठले. आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला या निकालाने एवढा आनंद का व्हावा, ते मी विचारले नाही.

इथून पुढचे समजावून सांगणे फार कठीण जाते. चूक टांकसाळीची असली म्हणून भाव चढतोच असे नाही; ती दणदणीतही असावी लागते. डाय घासताना पडलेली रेघ त्या डायच्या त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर उमटते, तिला कोण विचारतो? आधीचे नाणे डायला चिकटून राहिल्यामुळे पुढच्या चकतीवर एकीकडे सुलटी आणि दुसरीकडे तीच छाप उलटी उमटली, तर त्या नाण्याला बाजारात 'लाखी' म्हणतात आणि व्यापारी बरकतीसाठी गल्ल्यातही ठेवतात. अमेरिकेत 1975 च्या प्रूफ संचांतल्या दहा सेंटांच्या दोन ज्ञात नाण्यांवर सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे 'एस' हे अक्षर टाकायचे राहून गेले. त्यांपैकी एक 2019 साली 4,56,000 डॉलरला विकले गेले. तिथे आख्खे अक्षर गायब आहे. काकांकडे एक रेघ जास्त आहे, आणि सरकारी कामात काहीतरी जास्तीचे असण्याला कुणी दुर्मीळ मानत नाही.

ग्रेडिंगवाल्यांचा, म्हणजे नाण्याची अवस्था पाहून गुण देणाऱ्यांचा, न्यायही असाच. सत्तरपैकी गुण देण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी 1949 साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी काढली. (हे गृहस्थ व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ, माणसांचेही त्यांनी अंगकाठीवरून प्रकार पाडले होते.) आज सत्तरपैकी सत्तरची एक प्रचलित व्याख्या अशी, की नाणे पाडून झाल्यावर पडलेला कोणताही दोष पाचपट भिंगाखाली दिसता कामा नये. माझे भिंग दहापट आहे, त्यामुळे माझ्या घरी आजवर कोणतेच नाणे पैकीच्या पैकी गुण मिळवून गेलेले नाही.

काकांना माझा निकाल मान्य नव्हता. ते नाणे घेऊन फोर्टातल्या एका डीलरकडे गेले. डीलरने भिंगसुद्धा न लावता "रेघ आहे" म्हणत भाव पाडला. ती रेघ टांकसाळीनेच पाडली आहे, असे काकांनी बाणेदारपणे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग टांकसाळीलाच विका ना, साहेब. इथे जवळच आहे."

संध्याकाळी काका पुन्हा माझ्याकडे आले. रेघ उठावाची आहे, एवढे त्यांना माझ्या सहीने लेखी हवे होते. मी दिले. रिझर्व्ह बँकेसमोरच्या टांकसाळीत असे अर्ज किती वाजेपर्यंत घेतात, याची ते आता चौकशी करत आहेत.