सहावी म्हणजे तसा उशीरच झाला

पोरगी सहावीत गेली आणि अजून जेईईची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची, फाउंडेशन बॅच लावली नाहीत? धन्य आहे तुमची! समोरच्या बिल्डिंगमधली पोरं एव्हाना त्रिकोणमितीत शिरली असतील. असो, आता तरी कामाला लागा.

आधी डेमो लेक्चरला जा. तिथे तुम्हाला केंद्र सरकारची जानेवारी 2024 ची मार्गदर्शक सूचना आठवेल, की 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने प्रवेश देऊ नये. ती तिथे काढू नका. हा क्लास नसून ‘शाळेला पूरक उपक्रम’ असतो, असं काउंटरवरच्या ताई फी मोजता मोजता समजावून सांगतात. पावती मात्र मागून घ्या.

मग घर सुधारा. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकलं की 1 जातो. हीच पद्धत जेवणाच्या टेबलावर आणा. ‘भाजी कशी झालीय?’ या प्रश्नावर मुलीने उत्तर न देणंच पसंत केलं, तर समजा, तयारी उत्तम चाललीय. आजीने गोष्ट सांगायला घेतलीच, तर ती अभ्यासक्रमात आहे का, एवढं विचारून घ्या. म्हातारी माणसं, वेळेचं भान नसतं त्यांना.

खरा धोका शाळेचाच. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना ठेवलेत. मुलांनी म्हणे सुताराकडे, कुंभाराकडे जाऊन काम शिकायचं. दहा दिवस! तेवढ्यात दोन टेस्ट बुडतात. आणि पोरीला मडकं घडवणं आवडून बसलं, तर पुढच्या हप्त्यांचं काय करणार? त्या दिवसांत तिला थोडा ताप आणवा.

अशी पाच वर्षं काढलीत की दहावीनंतर इंटिग्रेटेड कॉलेज. नाव कॉलेजचं, बसायचं क्लासमध्ये. कॉलेजात जायचं ते फक्त प्रॅक्टिकलला आणि हॉल तिकीट आणायला. त्या दिवशी तेवढं सोबत जा. इतकी वर्षं तयारी केलेलं कॉलेज नेमकं कुठल्या गल्लीत आहे, हे रिक्षावाल्याला तुम्हालाच सांगावं लागेल.