कोल्हापूरला दोन दिवस येताय? या की!

शनिवार-रविवारला लागून एखादी सुट्टी आली की तुम्हाला आमची आठवण येते, याची आम्हाला आता सवय झाली आहे. तांबडा-पांढरा ओरपायचा, चपलांचे दोन-चार जोड घ्यायचे आणि मंगळवारी कामावर हजर. बेत झकास आहे. तो नीट पार पडावा म्हणून इथल्या एका रहिवाशाच्या चार सूचना. आमच्याकडे नुकतेच पाहुणे येऊन गेले. त्यांनी यातली एकही सूचना मोडली नाही, म्हणजे सगळ्या अनुभवसिद्ध आहेत.

निघण्याआधी कळवू नका. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडलात की फोन करा, "निघालो हं, दुपारी जेवायलाच येतोय!" पुढे साताऱ्यापासून काय होतं ते मी सांगायला नको. तुम्ही डायव्हर्जनमधून लोकेशन पाठवत राहा, आम्ही इकडे रस्सा गरम करत राहतो. पोचल्यावर हायवेचा सगळा राग आमच्यावर काढा. तो रस्ता आम्हीच खणून ठेवलाय.

गाडी अंबाबाईच्या उंबऱ्यापर्यंत जाते का ते एकदा बघाच. बिंदू चौकात पार्किंग आहे असं कुणी सांगितलं तर कानावर घेऊ नका. चालायचं असतं तर घरी राहिला नसता का?

सकाळी मिसळ. फडतरे, बावडा, चोरगे, खासबाग, यादी तुमच्या फोनमध्ये तयारच असते आणि ती बरोबरही असते. रांगेत उभं राहून खुर्ची मिळाली की पहिला प्रश्न विचारा, "जरा कमी तिखट मिळेल का?" दुसरा प्रश्न, "हे काय, स्लाइस ब्रेड? पाव नाही?" इथं मिसळीबरोबर स्लाइसच खातात, पिढ्यान्‌पिढ्या खातात, पण तुम्ही बदल घडवायला आलेले आहात. वाढपी कटाचं भांडं घेऊन आला की वाटी काठोकाठ भरून घ्या, बोट बुडवून चाखा, डोळ्यांत पाणी आणा, त्या पाण्याचा व्हिडिओ काढा आणि वाटी तशीच टाकून उठा.

रात्री हॉटेलात आवर्जून व्हेज कोल्हापुरी मागा. वेटरलाही करमणूक लागते.

पांढऱ्या रश्शाला सूप म्हणा. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ आणि खसखस घालून कुणीतरी तासभर चुलीपुढं उभं राहिलेलं असतं. आमच्या ताई पहिल्या भुरक्यातच म्हणाल्या, "छान आहे हो, पण कॉर्नफ्लोअर जरा जास्त झालंय." ताई म्हणजे माझ्या चुलतभावाच्या मेहुणीची जाऊ. नातं लांबचं वाटत असेल, पण रस्सा समोर आला की ते सख्खं होतं.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून पेला हातात देतात. तो घेताना "पाश्चराइज्ड आहे ना?" एवढं विचारायला विसरू नका.

आणि हो, बोलताना प्रत्येक वाक्याला "भावा" आणि "नाद खुळा" जोडायचं. समोर माझी म्हातारी आई असली तरी.

आता चपला. इथं थोडं सविस्तर सांगावं लागेल.

चामड्याची चप्पल घ्यायला जुलैसारखा महिना नाही. आम्ही स्वतः पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरी तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवतो आणि रबरी चपला घालून चिखल तुडवतो, पण आम्ही अडाणी. तुम्ही या, पंचगंगेला पाणी चढलेलं असताना या.

आधी शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये जा. दुकानदाराला सगळे जोड खाली काढायला लावा. कापशी, कुरुंदवाडी, पायताण, बक्कलनाळी, पुकरी अशी नावं तो सांगेल, त्याच्याकडे लक्ष न देता "यातच गुलाबी दाखवा" म्हणा. एखादा जोड कर्नाटकातला निघाला तर "डुप्लिकेट!" म्हणून ओरडा. या चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं ते इकडच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडच्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, ही माहिती तुमच्या उपयोगाची नाही. सीमाप्रश्न पायापर्यंत आणल्याशिवाय खरेदीला रंग चढत नाही.

लाइनमध्ये काही घेऊ नका. "थेट कारागिराकडं स्वस्त पडतं" असं कुठल्यातरी रीलमध्ये सांगितलेलं असतं, तेव्हा घरच्या माणसाला वाटाड्या म्हणून धरा आणि सुभाषनगरात चला. मलाच धरलं होतं. ओळखीतलं घर. एका खोलीत राहणं, दुसऱ्या खोलीत काम. अण्णा रापीनं तळ कापत बसलेले, वहिनी भिंतीला टेकून पट्ट्यासाठी वेणी घालत होत्या. अण्णांनी हातातलं काम बाजूला ठेवून एक कापशी जोड काढला. आता पाहुण्यांनी जे केलं ते तुम्ही क्रमाने लक्षात ठेवा.

जोड उलटा करा. नाकाजवळ न्या आणि नाक मुरडा. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरलेल्या कातड्याला वास येतो, आणि तुम्हाला तर लव्हेंडर अपेक्षित असतं. मग विचारा, "यात खिळा कुठाय? खिळ्याशिवाय टिकणार कशी?" अण्णा सांगतील की खिळा नसतोच, कातड्याच्याच वादीनं शिवतात, तळ झिजला की पुन्हा लावून मिळतो. त्यांचं बोलणं पुरं होऊ देऊ नका. वहिनींसमोर फोन धरा आणि म्हणा, "वेणी घालताना जरा इकडे बघा ना. हसा थोडं." मग किंमत विचारा.

"अठराशे."

इथं मोठ्यानं हसायचं असतं. ताई हसल्या. "अहो, ऑनलाइन साडेतीनशेला मिळते!"

"मिळत असंल की ताई," अण्णा म्हणाले. "पण ती ही न्हवं."

मग सातशेपासून सुरुवात. "आम्ही इतक्या लांबून आलोय." "चार जोड घेऊ, होलसेल लावा." "तुम्हाला काय, घरचंच काम." हे शेवटचं वाक्य पाठ करा, फार गुणकारी आहे. घरचंच काम! कातडं घरात उगवतं. बैल आणि वळूंच्या कत्तलीवर राज्यात २०१५ मध्ये बंदी आली तेव्हापासून कातड्याची टंचाई ही सुभाषनगरातली रोजची रड आहे, पण घरचंच काम. भिजवा, ठोका, टाच लावा, कान बसवा, अंगठा शिवा, वेणी जोडा, आणि पाठीचा कणा दुखायला लागला तरी बसून राहा, घरचंच तर काम! वहिनींच्या बोटांना वादी ओढून ओढून चरे पडलेत, ते घरचेच चरे. अण्णांचा मुलगा एमआयडीसीत कामाला जातो, त्याला आरी हातात धरायची नाही, आणि त्याला दोष देणाऱ्याने आधी आमच्या ताईंबरोबर तासभर घासाघीस करून दाखवावी.

अण्णा सोळाशेवर आले. चार दिवसांत दोन गिऱ्हाइकंही आली नव्हती म्हणून आले, खुशीनं नाही. ताई सातशेवरून हलल्या नाहीत. भाऊजी मध्येच म्हणाले, "चला, बघू, लाइनमध्ये अजून मिळेल." आणि उठले.

मधल्या वेळात चहा आला होता. स्टीलच्या ताटलीत पाच कप. सकाळपासून माझ्या घरी घटकेघटकेला चहा मागणाऱ्या या मंडळींपैकी एकानेही कप उचलला नाही. "आम्ही चहा घेत नाही," ताई म्हणाल्या. मी दोन कप प्यायलो. वहिनींनी बाकीचे तीन उचलून नेले आणि काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना यात नवीन काही नव्हतं.

बाहेर पडलो तर रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर ढीग. "सेम टू सेम!" साडेतीनशेला एक जोड, चार घेतले, तीनशेप्रमाणे लावले. विजयी चेहरे. तिथून थेट मटणाच्या थाळीला. सुकं, खिमा, अंडं, भाकऱ्या, वर सोलकढी. बिल आलं तेव्हा भाऊजींनी ते उलटंसुद्धा केलं नाही, क्यूआर कोड स्कॅन केला, वरून वेटरला शंभराची नोट. थाळी घासाघीस करून मागायची नसते, तेवढी सभ्यता असते त्यांच्याकडे.

आणि परवा ताईंचा फोन.

"अहो, तुमच्या त्या कोल्हापुरी चपला! एका पावसात तळ निघून आला! आत नुसता पुठ्ठा! फसवतात हो तुमच्याकडे. तुम्ही जरा त्या माणसाला जाऊन भेटा ना, पैसे परत मागा."

त्या माणसाला म्हणजे कुणाला, ताई? ताडपत्रीवाला तर पुढच्या गावच्या बाजारात असेल. तुम्हाला अण्णा म्हणायचे आहेत. तुमच्या डोक्यात आता दोघे एकच झालेत. रेक्झिन आणि पुठ्ठ्याला गोंद लावलेला जोड तुम्ही तीनशेला घेतला, तो चिखलात घातला, आणि नाव खराब झालं कुणाचं? ज्यांच्याकडून तुम्ही काही घेतलंच नाही, त्यांचं.

आता उपरोध वगैरे पुरे.

याच ताईंनी २०२५ च्या जूनमध्ये फॅमिली ग्रुपवर दिवसाला दहा पोस्टी टाकल्या होत्या. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखे सँडल दाखवले, कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, आणि किंमत लाखाच्या वर असल्याच्या बातम्या आल्या. "आमच्या कारागिरांची चोरी!" "मराठी अस्मिता!" भाऊजींनी डीपीला चप्पल लावली होती. बोभाटा झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं, त्यांची माणसं इथं येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, दोन हजार जोड, सुमारे ८०० युरोला एक. त्या करारातून अण्णांच्या हाती काय पडेल ते पडो, त्यावर वेगळं भांडता येईल. पण परक्याने नाव घेतलं नाही म्हणून गळा काढणाऱ्या तुम्ही, अण्णांच्या खोलीत तासभर बसलात, त्यांचं नाव विचारलंत का? मी सांगतो, नाही विचारलंत. "ओ मामा" म्हणत होता. मिलानवाल्यांनी निदान जोड तरी नीट बघितला होता.

आणि चहाचं. हे मला बोलायचं नव्हतं, पण आता बोलतो. ज्या गावात तुम्ही हॉटेलं पालथी घालता, त्याच गावात छत्रपती शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं होतं. हौद शिवला म्हणून मार खाल्लेला दलित माणूस. त्यांच्या हातचा चहा कुणी पिईना, म्हणून राजाने स्वतः गाडी थांबवून तो मागवला आणि घेतला. महाराज १९२२ मध्ये गेले. न्यू पॅलेसमध्ये त्यांच्या तसबिरीपुढे उभं राहून तुम्ही सगळ्यांनी फोटो काढलेत, सकाळीच. दुपारी तीन कप तसेच परत गेले. मधुमेह आहे म्हणू नका, माझ्या घरी दोन-दोन चमचे साखर लागत होती.

तुम्हाला कुणी जबरदस्ती केलेली नाही. अठराशे परवडत नसतील तर नका घेऊ, त्यात लाज नाही, आमच्यातही अनेकांना परवडत नाहीत. "नको अण्णा, सध्या जमत नाही" म्हणा आणि उठा. पण माणसाच्या घरात बसून त्याच्या कामाला हसायचं नाही. बायकोला हसायला सांगून व्हिडिओ काढायचा नाही. चहा ठेवून यायचं नाही. आणि स्वतः घेतलेल्या पुठ्ठ्याचे पैसे मागायला मला त्यांच्या दारात पाठवायचं नाही. मी जाणार नाही. फोनवर "बघतो" म्हणालो होतो, ते पाहुणे म्हणून. आता इथं लिहितोय ते वाचा.

घ्यायची असेल तर दिवाळीनंतर घ्या. वर्ष-वर्ष पायात राहील. पहिले काही दिवस चावेल, तेव्हा रात्री तेल लावून ठेवा, पावसात घालू नका, ओली झाली तर उन्हात न टाकता सावलीत वाळवा. खरी-खोटी कळत नसेल तर महामंडळाने हल्ली जोडांवर क्यूआर कोड द्यायला सुरुवात केली आहे, तोही त्याच फोनने स्कॅन होतो ज्याने थाळीचं बिल भरता.

सुभाषनगरचा पत्ता हवा असेल तर पाठवतो. बरोबर येणार नाही.