सतराव्या वर्षी डिफेन्समन ओळखू येतो का?

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमधल्या आमच्या प्लाझात टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानाच्या दारालगत एक सिमेंटचा कठडा आहे. जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे शुक्रवारी तिथं बूड टेकलं की घरून फोन आल्याशिवाय कुणी उठत नाही. जून म्हणजे एनएचएलच्या, बर्फावरच्या हॉकीच्या इथल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, ड्राफ्टचा महिना. संघ आळीपाळीनं नवी पोरं निवडतात, जितका वरचा नंबर तितका मान. ३२ संघ, ७ फेऱ्या आणि मिशी नीट न फुटलेली पोरं. फॉरवर्डांवर आमचं फारसं भांडण होत नाही, गोल केले की दिसतात. डिफेन्समन, म्हणजे मागे राहून गोल वाचवणारा, आला की आवाज चढतात.

ठिणगी नागपूरकरानं टाकली. "सहा फूट तीनच्या खालचा डिफेन्समन पहिल्या फेरीत घ्यायचाच नाही. बाकी सगळं शिकवता येते, उंची कुठून आणशील बे?"

"आन् डोस्कं कुठनं आणशील?" कोल्हापूरकर.

काकांनी डबल-डबल कॉफीचा घोट घेतला आणि नेहमीप्रमाणे २०१२ चा ड्राफ्ट काढला. काका मूळ पेणचे, पण इथं इतकी वर्षं काढलीत की टोरांटोच्या मेपल लीफ्सला शिव्या घालण्याचा पहिला मान त्यांचा. "त्या वर्षी पहिल्या दहात आठ डिफेन्समन गेले. आठ! रायन मरे दुसरा, ग्रिफिन राइनहार्ट चौथा, आपला मॉर्गन राइली पाचवा, मग लिंडहोल्म, डुम्बा, पुलिओ, ट्रूबा, कोएकोएक, अशी रांगच लागली. आणि अकराव्या नंबरवर वॉशिंग्टनला कोण मिळाला? फिलिप फोर्सबर्ग, फॉरवर्ड. पुढे नॅशव्हिलसाठी सगळ्यात जास्त गोल त्याचे."

"ह्यात राइनहार्टची उंची किती?" मी मुद्दाम विचारलं.

नागपूरकर गप्प. सहा फूट चार. धिप्पाड, शांत, ज्युनिअरमध्ये एडमंटन ऑइल किंग्जकडून दणकून खेळलेला. एनएचएलमध्ये एकूण सामने ३७. त्यातही गंमत अशी की २०१५ मध्ये एडमंटन ऑइलर्सनं त्याला आयलँडर्सकडून (त्यांनीच तो २०१२ ला निवडला होता) घेताना ड्राफ्टमधला आपला १६वा आणि ३३वा नंबर देऊन टाकला. त्या १६व्यावर आयलँडर्सनी मॅथ्यू बारझाल हा फॉरवर्ड उचलला. एकाच पोराच्या उंचीला दोन संघ भुलले. माझ्या मते दुसऱ्याची चूक मोठी, कारण त्यांच्यासमोर तीन वर्षांचा खेळ होता.

"आणि झ्डेनो चारा?" नागपूरकरानं ठेवणीतलं काढलं. "सहा फूट नऊ!"

"तो ५६वा गेला, लका. तवा तर त्येची उंचीबी कुणाला दिसली न्हाई."

२०१२ एवढ्यावर संपत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये कोल्टन पराय्को ८६वा आणि जेकब स्लेव्हिन १२०वा गेला. पराय्कोला तर आदल्या वर्षी कुणी हातच लावला नव्हता. तो अल्बर्टाच्या दुसऱ्या दर्जाच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळायचा. २०१९ मध्ये त्यानं सेंट लुईसकडून एनएचएलच्या विजेत्याचा स्टॅन्ली कप उचलला. म्हणजे आठ जणांवर उड्या पडल्या त्या वर्षी दोन खणखणीत डिफेन्समन तिसऱ्या आणि चौथ्या फेरीपर्यंत पडून होते.

कोल्हापूरकराचं गणित वेगळं. त्याला पॉइंट्स हवेत, म्हणजे स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास. आकडे खोटं बोलत नाहीत, म्हणतो. ॲडम फॉक्स ६६वा गेला आणि २०२१ ला नॉरिस ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्समनचं बक्षीस, घेऊन बसला. क्विन ह्यूज पाच फूट दहा, २०१८ ला सातवा, २०२४ ला नॉरिस. एरिक कार्लसन २००८ ला १५वा, त्याच्याकडे तीन नॉरिस. "सगळी बारकी पोरं, सगळी पॉइंटवाली. आता बोला."

खोडून काढणं सोपं नव्हतं. पण काका इथले जुने, त्यांनी किचनर काढलं. रायन मर्फी, किचनर रेंजर्स हा ज्युनिअर संघ, एका हंगामात ७९ पॉइंट्स. २०११ ला कॅरोलायनानं बाराव्यावर घेतला, पण एनएचएलमध्ये त्याचं बस्तान काही बसलं नाही. त्याच्या दोनच नंबर आधी मिनेसोटानं योनास ब्रोडीन हा स्वीडनचा पोरगा घेतला होता. पॉइंट्स तुटपुंजे, पण वर्षानुवर्षं समोरच्या सगळ्यात चांगल्या फळीपुढे त्यालाच उतरवतात. ज्युनिअरमध्ये पॉवर-प्लेला, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना, गोलपासून लांब ब्लू लाइनवर उभं राहून दोन सेकंद विचार करायला मिळतात. वरती अर्धा सेकंद मिळाला तरी नशीब. ज्या पोराचे पॉइंट्स त्या दोन सेकंदांतून आलेत आणि ज्याचे पाच विरुद्ध पाच खेळताना स्वतः पक (हॉकीची रबरी चकती) बाहेर काढून आलेत, ते दोघं तक्त्यात शेजारी-शेजारी, सारखेच दिसतात.

इतका वेळ ताई फोनमध्ये होत्या. त्यांचा धाकटा डिफेन्सला खेळतो. पहाटे साडेपाचला रिंकवर नेणं, लेस आवळणं, टाइमकीपरच्या खोलीत कुडकुडणं, सगळं त्यांनी केलंय. आमच्यापैकी हॉकी खरोखर जवळून पाहिलेल्या त्या एकट्याच.

"तुम्ही सगळे पक पाहता," त्या म्हणाल्या. "मान पाहा."

मग त्यांनी सांगितलं ते आम्ही नंतर स्टीलहेड्स या ज्युनिअर संघाच्या सामन्याला गोलच्या मागच्या काचेपाशी बसून पडताळलं. (हा संघ २०२४ ला मिसिसागाहून इथं आला, एवढं एक बरं झालं.) समोरचा संघ पक आपल्या कोपऱ्यात फेकतो. डिफेन्समन पाठ वळवून तो आणायला धावतो, मागून दोन फॉरवर्ड सुटलेले. साधा पोरगा पकवर नजर ठेवून सरळ जातो आणि काचेवर चेपला जातो. तयारीचा पोरगा पकपर्यंत पोहोचायच्या आत दोनदा मान वळवतो, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. शेवटच्या क्षणी खांदा एका बाजूला टाकतो, पाय दुसऱ्या बाजूला नेतो आणि पहिला पास सरळ आपल्या फॉरवर्डच्या स्टिकवर देतो. टाळी कुणी वाजवत नाही. पण गोल वाचला तो तिथंच. बेंचवरून कोच 'शोल्डर चेक!' म्हणून बोंबलत असतात ते याचसाठी.

कोल्हापूरकराला हे लगेच पटलं, कारण त्याच्या गावची कबड्डी. चढाईवाल्याचं नाव पेपरात येतं, पण सामना कोपरारक्षकाच्या पायांवर चालतो, आणि पाय कधी टाकायचा नाही हे ज्याला कळतं तोच खरा.

नागपूरकर सहजी हार मानणारा नाही. "मग बफेलोत कम्बाइन कशाला भरवून राहिले?" ड्राफ्टआधीच्या त्या चाचणीत पोरांना सायकलवर दमेपर्यंत पळवतात, उड्या मारायला लावतात, मुलाखती घेतात. बर्फावर मात कुणी उतरत नाही. माझ्या मते त्यात कामाच्या गोष्टी दोनच, डॉक्टरी तपासणी आणि मुलाखत. बाकी सायकलवर डिफेन्स कळत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणीच धरत नव्हतं, ती मी मांडली. जन्मतारीख. १५ सप्टेंबरपर्यंत जो १८ वर्षांचा होतो तो त्या ड्राफ्टला पात्र. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबरचा, दोन दिवसांनी हुकला आणि एक वर्ष थांबला. उलट हॅमिल्टनचा मॅथ्यू शेफर ५ सप्टेंबर २००७ चा, म्हणजे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये जवळजवळ सगळ्यांत धाकटा. सतराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढं अंतर! खांदे रुंद होतात, ताकद वाढते, ज्युनिअरचा एक अख्खा हंगाम जास्त मिळतो. तरी शेफर पहिला गेला. तेही त्या हंगामात ओएचएल या ज्युनिअर लीगचे फक्त १७ सामने खेळून, कारण वर्ल्ड ज्युनिअर्स स्पर्धेत त्याचं कॉलरबोन मोडलं होतं.

"१७ सामन्यांवर पहिला नंबर म्हणजे जुगार," काका.

"राइली १८ सामन्यांवर पाचवा गेला होता, काका. गुडघा गेला होता त्याचा. तुमच्या लीफ्सनीच घेतला."

"आणि लीफ्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर बर्क म्हणाले आमच्या यादीत तोच पहिला होता. प्रत्येक जीएम हेच म्हणतो."

तेही खरंच. काकांचा मूळ मुद्दा असा की डिफेन्समन उशिरा पिकतो, तेव्हा वरच्या नंबरवर फॉरवर्ड घ्या आणि डिफेन्समन दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वेचा. लिडस्ट्रॉम ५३वा, डंकन कीथ ५४वा, शे वेबर ४९वा. यादी तोंडपाठ. ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्या फेऱ्यांमधून वाया गेलेल्यांची नावं कुणाला आठवतात? आणि २०१७ ला डॅलसनं तिसऱ्यावर हेइस्कानेन आणि कोलोरॅडोनं चौथ्यावर केल मकार सोडला असता तर? मकारही अल्बर्टाच्या त्याच दुसऱ्या दर्जाच्या लीगचा. कोलोरॅडोनं त्याला दोन वर्षं मॅसॅच्युसेट्सच्या कॉलेजात निवांत खेळू दिलं. मग २०१९ च्या प्लेऑफमध्ये थेट उतरवला आणि पहिल्याच सामन्यात त्यानं गोल केला. निवड चांगली होती यात वाद नाही, पण मला जास्त कौतुक त्या दोन वर्षांचं वाटतं. त्यालाच पहिल्या हंगामात एखाद्या रडक्या संघात ढकलला असता, तर आज काका त्याचंही नाव २०१२ च्या यादीशेजारी घेत बसले असते.

ताई म्हणाल्या, "संघ बघून पोरगा घ्यावा, की पोरगा बघून संघ बदलावा?"

"लीफ्स दोन्ही करणार नाहीत," काका म्हणाले आणि कप चुरगाळला.

सगळे उठायला लागले तेवढ्यात नागपूरकर पुन्हा बसला. "एक राहिलंच. दोन पोरं सारखीच मान वळवतात, सारखेच पास देतात. एक लेफ्ट शॉट, एक राइट शॉट. कोणता?"

"राइट," तिघं एकदम म्हणाले. एनएचएलमध्ये डावीकडून स्टिक मारणारे रग्गड, उजवीकडून मारणारे कमी, त्यामुळे उजव्या बाजूला खेळणारा राइट शॉट मिळत नाही म्हणून संघ त्याला दहा-दहा नंबर वर ओढतात.

"म्हणजे पुन्हा तुम्ही खेळ सोडून अंगच पाहून राहिले ना बे!"

काकांनी गाडीची किल्ली परत खिशात घातली.