‘शेतीला जोडधंदा ऑप्शनचा’: फिरत्या मेसेजला सांगलीतून उत्तर

सांगली, मिरज, तासगाव, विट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दहा हजारांत ऑप्शन ट्रेडिंग सुरू करा. बाजार एकतर वर जातो नाहीतर खाली, म्हणजे जिंकण्याची शक्यता निम्मी. थोडा हात बसला की ऑप्शन विकायला लागा, त्यात दहापैकी नऊ वेळा पैसे सुटतात. सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) लॉट, म्हणजे एका सौद्यातली किमान संख्या, मोठे केले ते गरिबाला बाहेर ठेवायला. हळदीचे वायदे करणाऱ्या सांगलीकराला यात नवीन काही नाही, हे आपल्या रक्तातच आहे. आणि वेळ नसेल तर लॉगिन द्या, आम्ही ट्रेड करतो, नफा निम्मा-निम्मा.

मी सांगलीत ब्रोकरच्या ऑफिसात डीलिंग टर्मिनलवर बसतो. आधी हळदीच्या वायद्यांचे सौदे टाकायचो, आता शेअर आणि निफ्टीचे, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचे. हा मेसेज ज्यांच्यासाठी लिहिलाय, त्यांची लेजर रोज माझ्या समोर असतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. आधी चार शब्द: ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क, त्याची किंमत म्हणजे प्रीमियम, आणि तो संपण्याचा दिवस म्हणजे एक्स्पायरी. ऑप्शन विकणाऱ्याला प्रीमियम मिळतो, पण भाव उलटला तर फरक त्याला भरावा लागतो.

‘वर किंवा खाली, म्हणजे शक्यता निम्मी’

निफ्टी कुठे जाणार हे ओळखणं वेगळं आणि ऑप्शनमध्ये पैसे मिळवणं वेगळं. ऑप्शन घेणाऱ्याची दिशा बरोबर यावी लागते, चाल पुरेशी मोठी यावी लागते आणि ती एक्स्पायरीच्या आत यावी लागते. तिन्ही जुळलं तरच नफा. समजा एक्स्पायरीच्या मंगळवारी दुपारी एक वाजता निफ्टीच्या 100 अंक वरचा कॉल 13 रुपयांना घेतला. अडीचपर्यंत निफ्टी खरोखर 15 अंक चढला. तरी प्रीमियम 5 रुपयांच्या आसपास आलेला दिसेल, कारण मधल्या दीड तासाची किंमत त्यातून निघून गेली. मग फोन येतो, “साहेब, बाजार तर हिरवा आहे, माझं लाल का?” एक्स्पायरीच्या दिवशी हा प्रश्न विचारणारे फोन थांबत नाहीत, आणि विचारणारा माणूस दिशेच्या बाबतीत चुकलेला नसतो. त्याला कुणी वेळेची किंमत सांगितलेलीच नसते.

वर खर्च आहेच. 10 रुपयांचा प्रीमियम आणि 2025 मधला 75 चा लॉट धरा, म्हणजे 750 रुपये घातले. कमी दलालीवाले ब्रोकरसुद्धा ऑर्डरमागे साधारण 20 रुपये घेतात. घेताना 20, विकताना 20, त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) आणि एक्स्चेंजचं शुल्क. सगळे मिळून 48-49 रुपये होतात. 750 वर हे सहा टक्क्यांच्या पुढे जातं, आणि सौदा जिंकला तरी द्यावं लागतं, हरला तरी. दिवसात असे दहा सौदे करणारी पोरं आहेत. त्यांना मी कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून खर्चाचा रकाना दाखवतो तेव्हा बहुतेकांनी तो पहिल्यांदाच पाहिलेला असतो.

आता देशाचा आकडा. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्यूचर्स (वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आज ठरलेल्या भावाने) आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात होत्या. सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख, एकूण 1.8 लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे फक्त एक टक्का. मेसेज म्हणतो निम्मे. प्रत्यक्षात शंभरात सात.

यातलीच आणखी एक नोंद मला जास्त अस्वस्थ करते. तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांनी नंतरही ट्रेडिंग चालूच ठेवलं. ते का होतं ते मी बघतो. सकाळी गेलेले पाच हजार दुपारी काढायचे असतात. पडलेल्या प्रीमियमला ‘अ‍ॅव्हरेज’ केलं जातं, म्हणजे पडलेल्या भावाने आणखी घेतलं जातं. शेवटच्या तासात दोन-तीन रुपयांचे ‘हिरो-झिरो’ कॉल (लागला तर मोठा नफा, नाहीतर शून्य) घेतले जातात. खात्यात पैसे संपले की बाहेरून येतात: उसाचं बिल, द्राक्षाच्या व्यापाऱ्याने दिलेली उचल, पतसंस्थेतलं सोनेतारण. बायकोच्या गंठणावर काढलेल्या पैशाने निफ्टीचा पुट घेणारा माणूस गुंतवणूक करतोय असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्याला जोडधंदा म्हणणाऱ्या मेसेजची मला चीड येते.

‘ऑप्शन विका, दहापैकी नऊ वेळा जिंका’

नऊ वेळा जिंकतात, हे खरं असू शकतं. प्रश्न दहाव्या वेळेचा आहे. 3 जून 2024 ला एक्झिट पोलच्या उत्साहात निफ्टी 23,263.90 ला बंद झाला. ‘इतक्या लांब कुठे येतोय’ म्हणत अनेकांनी 22,500 चे पुट विकले होते. 4 जूनला निकाल लागला आणि निफ्टी 1,379 अंकांनी पडून 21,884.50 ला बंद झाला; दिवसात तो 21,281 पर्यंत गेला होता. 22,500 चा पुट विकणाऱ्याच्या अंगावर बंद भावानेच 615 अंक आले. तेव्हा लॉट 25 चा होता. दहा लॉट विकलेल्याचे 250 गुणिले 615, म्हणजे दीड लाखाच्या वर, मिळालेला प्रीमियम त्यातून वजा. आणि बंद भावापर्यंत थांबायची मुभा किती जणांना मिळाली? मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवलेली अनामत) कमी पडलं की ब्रोकरची जोखीम यंत्रणा सौदा कापते, आणि ती नेमकी तळाशी कापते, कारण मार्जिन तिथेच संपतं. नऊ महिने जमवलेला प्रीमियम एका सकाळी गेला, असं त्या दिवशी खूप खात्यांत दिसलं.

ज्याच्याकडे मोठं भांडवल आहे, दुसऱ्या बाजूचा सौदा बांधलेला आहे आणि मशीन सौदे टाकतं, त्याच्यासाठी ऑप्शन विकणं हा धंदा आहे. 2023-24 मध्ये ब्रोकरांच्या स्वतःच्या ट्रेडिंगने या बाजारात सुमारे 33,000 कोटी आणि परदेशी संस्थांनी 28,000 कोटी कमावले. त्यातला 96-97 टक्के नफा अल्गोचा, म्हणजे आपोआप सौदे टाकणाऱ्या संगणकांचा होता. मोबाईलवर बोटाने पुट विकणारा याच मंडळींच्या बरोबरीने उतरतो.

‘सेबीने लॉट वाढवले ते गरिबाला बाहेर काढायला’

ऑक्टोबर 2024 मध्ये सेबीने कराराची किमान किंमत 15 लाख केली, निफ्टीचा लॉट 25 वरून 75 झाला, आठवड्याची एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजवर एकाच निर्देशांकापुरती उरली आणि एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन आलं. त्याआधी सोमवार ते शुक्रवार रोज कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाची एक्स्पायरी असायची. ते बंद झालं याचं मला समाधान आहे.

मेसेजमध्ये एक संशय मात्र अगदी बिनबुडाचा नाही: हा बाजार मोठ्यांच्या बाजूने कललेला आहे. 3 जुलै 2025 ला सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि 4,843 कोटी रुपये अडकवले. आरोप असा की सकाळी बँक निफ्टीचे (बँकांच्या शेअरचा निर्देशांक) शेअर आणि फ्यूचर्स घेऊन निर्देशांक वर न्यायचा, ऑप्शनमध्ये त्याहून कितीतरी मोठा उलटा सौदा करायचा आणि मग शेअर विकून निर्देशांक खाली आणायचा. कंपनीने आरोप नाकारले आहेत. पण आरोप खरे मानले तर मेसेज लिहिणाऱ्याने ‘या वाटेला जाऊ नका’ म्हणायला हवं होतं. तो उलट दहा हजार घेऊन याच एक्स्पायरीला या म्हणतो. नियम कडक झाल्यावरही 2024-25 मध्ये 91 टक्के व्यक्ती तोट्यातच राहिल्या आणि त्यांचा एकूण तोटा 1,05,603 कोटींवर गेला. दार पुरतं बंद झालेलं नाही, हाच त्याचा अर्थ.

‘हळदीचे वायदे करणाऱ्या सांगलीच्या रक्तातच हे आहे’

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो आपल्या गावाचं नाव घेऊन फसवतो.

सांगलीत हळदीचे वायदे जुने आहेत. स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज नावाचा मान्यताप्राप्त वायदेबाजार इथेच होता. आज हळदीचा वायदा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारावर चालतो, मुख्य केंद्र निजामाबाद, आणि सांगलीतही माल देता येतो. पण तो वायदा कोण करायचं आणि का, हे बघा. हरिपूरच्या पेवांत (जमिनीतल्या साठवणीच्या खड्ड्यांत) किंवा आता शीतगृहात ज्याची हळद पडून आहे, त्याला भाव पडण्याची भीती असते. समजा एका व्यापाऱ्याकडे 20 टन राजापुरी हळद आहे. वायद्याचा लॉट 5 टनांचा, म्हणून तो चार लॉट 14,000 रुपये क्विंटलने विकून ठेवतो. भाव 12,000 ला आला तर मालात चार लाख गेले, वायद्यात चार लाख आले. भाव 16,000 झाला तर उलट. दोन्हीकडे त्याची झोप शाबूत राहते.

हेही सोपं नसतं. निजामाबादचा भाव आणि सांगलीचा भाव नेहमी एका पायरीने चालत नाहीत, तो फरक अंगावर येतो. आणि भाव चढला की वायद्यातला तोटा रोज संध्याकाळी रोख भरावा लागतो, माल मात्र अजून विकलेला नसतो. 2023 मध्ये हळद काही महिन्यांत दुपटीच्या वर गेली. तेव्हा गोदामात माल असूनही रोजचा भरणा करता करता घायकुतीला आलेले व्यापारी मी पाहिले आहेत. माल असलेल्यांची ही गत होती.

आता निफ्टीचा कॉल घेणाऱ्या कवठेमहांकाळच्या पोराकडे कुठला माल आहे? त्याच्याकडे शेअर नाहीत, पोर्टफोलिओ नाही, म्हणजे उतरवायची जोखीमच नाही. हळदवाल्याने डोक्यावरची जोखीम दुसऱ्याला दिली, याने नसलेली विकत घेतली. दोघांनी वापरलेली साधनं एकाच जातीची, पण दोघांचा उद्योग एक म्हणणं साफ खोटं आहे. मार्केट यार्डातल्या जुन्या अडत्यांनाही मालाशिवाय वायद्यात उतरणारे माहीत होते. त्यांना सट्टेबाज म्हणत, आणि लेकीची सोयरीक जुळवताना ते घर टाळत.

कोणाला शेअर बाजारात यायचंच असेल तर डिलिव्हरीने, म्हणजे पूर्ण पैसे भरून स्वतःच्या नावावर, शेअर घ्यावेत, म्युच्युअल फंडाची एसआयपी लावावी. माझ्या ब्रोकरला त्यात माझ्याकडून मिळणारी दलाली कमी होते, तरी मी हेच सांगतो. दोन एकर हळद करणाऱ्याने वायद्याचा भाव जरूर बघावा. पुढच्या महिन्यांचा अंदाज येतो, आणि अडत्याशी बोलताना हातात आकडा असतो. शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत माल एकत्र करून वायद्यात विकणंही शक्य आहे. पण मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

‘लॉगिन द्या, नफा निम्मा-निम्मा’

इथे मेसेजचा खरा हेतू कळतो. दुसऱ्याचे पैसे सांभाळून ट्रेड करायला सेबीची पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी लागते आणि त्यात किमान 50 लाख रुपये घालावे लागतात. दहा हजारांत ही सेवा कायदेशीरपणे देताच येत नाही. ठरावीक परताव्याची हमी देणंही बेकायदा आहे. नफ्यात निम्मा वाटा आणि तोटा पूर्ण तुमचा, हा करार पुन्हा वाचा. समोरच्याला जास्तीत जास्त जोखीम घेण्यातच फायदा आहे, कारण पैसा त्याचा नाही. काही मेसेजच्या खाली खातं उघडायची लिंक असते. त्या लिंकवरून खातं उघडलं की तुमच्या प्रत्येक सौद्याच्या दलालीतला हिस्सा पाठवणाऱ्याला मिळू शकतो, तुम्ही हरलात तरी.

नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवले तर त्या माणसाकडून पूर्ण आर्थिक वर्षाचा टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा अहवाल, मागा. बहुतेक ब्रोकरांकडे तो डाउनलोड होतो, आणि त्यात खर्चही दाखवलेला असतो. एका दिवसाचा हिरवा आकडा कुणीही दाखवू शकतो. लॉगिन आणि ओटीपी आधीच देऊन बसला असाल तर आज पासवर्ड बदला, उघडे सौदे तपासा आणि ब्रोकरला लेखी कळवा. तुमच्या लॉगिनवरून पडलेली ऑर्डर नोंदीत तुमचीच दिसते. त्यामुळे तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करा किंवा पोलिसांकडे, ते पत्र आणि पैसे मागणाऱ्याचे चॅट जपून ठेवलेले असले पाहिजेत.