पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेऊ नका

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा मोसम जवळ आला की एक सल्ला हमखास फिरायला लागतो: "सर्वांत जास्त गुण क्वार्टरबॅक देतो, तो भरवशाचा असतो आणि थांबलात तर चांगला उरत नाही. म्हणून फँटसी ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीतच क्वार्टरबॅक उचला." फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आळीपाळीने (हाच ड्राफ्ट) आपला संघ निवडायचा आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीचे गुण मिळवायचे; क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा, रनिंग बॅक तो घेऊन धावणारा. नवखे हा सल्ला मनावर घेतात आणि मोसमभर दुबळे रनिंग बॅक घेऊन झगडत बसतात, याचं वाईट वाटतं.

"सर्वांत जास्त गुण क्वार्टरबॅक देतो." बहुतेक वेळा देतो, पण त्यावरून काहीच ठरत नाही. समोरच्याच्या क्वार्टरबॅकपेक्षा तुमचा किती जास्त देतो, हे बघायचं असतं. 12 जणांच्या साध्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक उतरवायचा असतो, म्हणजे लागतात 12. एनएफएलमध्ये संघ आहेत 32, प्रत्येकाचा एक क्वार्टरबॅक. रनिंग बॅक मात्र प्रत्येकी दोन, म्हणजे 24, शिवाय फ्लेक्सची (धावणारा किंवा झेलणारा कोणीही चालेल अशी) जागा वेगळीच. त्यात अनेक संघ हल्ली धावण्याचं काम दोघातिघांत वाटतात. समजा, अव्वल क्वार्टरबॅक आठवड्याला 22 गुण देतो आणि बारावा 18, फरक चारचा. अव्वल रनिंग बॅक 20 देतो आणि चोविसावा 11; फरक नऊचा. पहिली निवड तुमची असेल, तर स्नेक ड्राफ्टमध्ये (दर फेरीला क्रम उलटतो) तुमची पुढची पाळी थेट 24वी. तोवर हक्काचे रनिंग बॅक आणि पहिल्या फळीतले रिसीव्हर (पास झेलणारे) उडालेले असतात. चांगले क्वार्टरबॅक तेव्हाही समोर दिसत असतात.

आणि "सर्वांत जास्त" हेही दरवेळी खरं नाही. नेहमीच्या नियमांत पासच्या टचडाउनला (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) 4 गुण, धावून किंवा झेलून केलेल्याला 6. 2019 मध्ये क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने 36 टचडाउन पास दिले, 1,206 यार्ड धावला आणि एकमताने एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू, ठरला. तरी झेलाला एक गुण असलेल्या लीगमध्ये त्याचे गुण सव्वाचारशेच्या आतच राहिले. त्याच वर्षी रनिंग बॅक ख्रिश्चन मॅककॅफ्रीचे 2,392 यार्ड, 19 टचडाउन आणि 116 झेल मिळून साधारण 469 झाले.

"क्वार्टरबॅक भरवशाचा असतो." रनिंग बॅक जास्त दुखावतात, हे मान्यच. म्हणूनच ते सुरुवातीला घेऊन बेंचवरही ठेवावे लागतात. क्वार्टरबॅकही काही अभेद्य नसतो: 2017 च्या ऑक्टोबरमध्ये आरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं आणि त्याच्यावर वरची निवड खर्च केलेले सगळे अडकले. पॅट्रिक महोम्सने 2018 मध्ये 50 टचडाउन पास दिले, पुढच्या वर्षी 26.

"थांबलात तर चांगला उरत नाही." हा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. 2018 चा महोम्स आणि 2019 चा जॅक्सन, दोघेही बहुतेक ड्राफ्टमध्ये उशिरा गेले होते. 2024 मध्ये बेकर मेफिल्डला कोणी फारसं विचारत नव्हतं. त्याने 4,500 यार्ड आणि 41 टचडाउन पास दिले. पायात वेग असलेला, नव्याने सुरुवात करणारा क्वार्टरबॅक आठव्या-नवव्या फेरीत घ्या. नाहीच जमला तर वेव्हरवर (कोणीच न घेतलेल्या खेळाडूंत) दुसरा मिळतो. रनिंग बॅक तसा मिळत नाही.

फ्लेक्सच्या जागी क्वार्टरबॅकही चालतो त्या सुपरफ्लेक्स लीगचं गणित मात्र वेगळं. तिथे जवळजवळ प्रत्येकजण दोन क्वार्टरबॅक उतरवतो, 24 लागतात आणि खरी टंचाई होते. तिथे पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक बेलाशक घ्या.