मस्टँगवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, रिव्ह्यू वाचला. फोर्ड मस्टँग देऊन आमच्याकडची पोर्शे ७१८ केमन घ्यायला आलो, तर मस्टँगची किंमत पाडून मागितली, वरून गाडी बदलूच नका म्हणे, दोन चकरा फुकट गेल्या, असं तुम्ही लिहिलंय. पहिले चकरांचं बोलतो. दुसऱ्या वेळी तुम्हाला दीड तास बसवून ठेवलं आणि केमनची चावी माझ्या घरी राहिली म्हणून ट्रायल झालीच नाही, ही चूक शंभर टक्के आमची, मे महिन्याच्या उन्हात भुसावळहून आले होते तुम्ही, सॉरी.

पण किंमत पाडली हे नाही पटत बुवा. मुंबईवाला डीलर मस्टँगचे ४० लाख देतो अन् आम्ही ३७ म्हटलं, बरोबर. पण त्याची केमन ६६ ची, आमची त्याच सालाची साडेएकसष्टची, म्हणजे तिकडे वरून २६ भरायचे, इकडे साडेचोवीस. एक्स्चेंजमध्ये वरचे किती द्यावे लागतात तेवढंच बघायचं असतं भाऊ, जुन्या गाडीचा आकडा कोणीपण फुगवून सांगतं. अन् ४० च पाहिजे असतील तर डायरेक्ट एखाद्या शौकीन माणसाला विका, २०१६ ला ही गाडी भारतात आली तेव्हापासून तिच्यामागे लोक वेडे आहेत, मिळून जातील. आम्हाला मध्ये मार्जिन ठेवावं लागतं आणि त्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी पण भरावा लागतो.

आता बदलू नका का म्हटलं ते. दोन्ही वेळी तुमची दोघं पोरं मागे बसून आली (तशी मस्टँगची मागची सीट नावालाच, पण लहान पोरं मावतात). केमनला मागची सीटच नाही, तिथं इंजिन आहे. दुसरं, तुम्हीच म्हणाले ना, सकाळी स्टार्ट मारली की गल्ली जागी होते? केमनला २ लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, वळणावर ती मस्टँगला कुठच्या कुठे सोडेल, खोटं नाही बोलणार, पण मस्टँगच्या ५ लिटर व्ही-८ चा, म्हणजे आठ सिलिंडरचा, तो आवाज तिच्यात नाही म्हणजे नाही. अन् आपल्याकडे वळणं आहेत कुठे, कन्नड घाट सोडला तर सगळं सपाट, अन् घाटात रोज कोण जातं?

गाडी विकून मला पैसेच मिळाले असते, तरी बोललो. त्याचाच एक स्टार पडला बहुतेक.

केमन अजून उभी आहे. रविवारी सकाळी या, चावी खिशात ठेवतो. फक्त पोरांना घरी ठेवून या.