कामाविंगाने अंगोलाचा संघ ‘सोडलेला’ नाही

रेआल माद्रिद या स्पॅनिश फुटबॉल क्लबचा मिडफिल्डर एदुआर्दो कामाविंगा अंगोलाचा संघ सोडून फ्रान्सकडे गेला आणि मनात आणलं तर आजही परत येऊ शकतो, तो गद्दार आहे, असा मजकूर फिरतो आहे. यातलं एवढंच खरं, की त्याचा जन्म अंगोलातला.

१० नोव्हेंबर २००२ रोजी कबिंदा प्रांतातल्या मिकोंज इथल्या निर्वासितांच्या छावणीत तो जन्मला. आईवडील काँगोचे, युद्धामुळे घर सोडून तिथे आलेले. तो अगदी लहान असतानाच कुटुंब फ्रान्सला गेलं. फुटबॉल तो शिकला ब्रिटनी भागातल्या फुजेर गावात. २०१३ मध्ये तिथलं घर आगीत जळालं, तरी खेळ सुटला नाही. रेन या फ्रेंच क्लबने त्याला घडवलं आणि एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मैदानात उतरवलं. अंगोलाच्या वरिष्ठ संघाकडून तो एकही सामना खेळलेला नाही. मग सोडला काय?

नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला फ्रेंच नागरिकत्व मिळालं आणि ८ सप्टेंबर २०२० ला क्रोएशियाविरुद्ध तो फ्रान्सकडून पहिल्यांदा खेळला.

राहिला परतण्याचा प्रश्न. फिफाने २०२० मध्ये संघ बदलण्याचे नियम सैल केले, हे खरं. पण विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत खेळलेल्याला ती सवलत नाही, आणि कामाविंगा २०२२ च्या अंतिम सामन्यातही उतरला होता. छावणीत जन्मलेल्या मुलाला गद्दार म्हणणं तर सरळ अन्यायाचं आहे. हा मजकूर कृपया पुढे पाठवू नका.